कोंबडीपालनाचं कार्ड

आधी एक खुलासा करतो. भूत, भानामती, चकवा, करणी... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. त्यामागे वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे काही नाही. कारण साधं आहे – माझ्या आयुष्यात आजवर जे जे विचित्र घडलं, त्याचा तपास केला की शेवटी मीच सापडायचो.

उदाहरणार्थ, एकदा नांदेड स्टेशनबाहेरून माझी स्कूटर गायब झाली. चौकीत तक्रार लिहून दिली, हवालदारासमोर डोळ्यांत पाणी आणलं, घरी आलो तर स्कूटर दारात उभी. त्या दिवशी मी स्टेशनला ऑटोनं गेलो होतो. दुसरं उदाहरण – माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये भर दुपारी प्रिंटर आपोआप सुरू झाला आणि धडाधड कागद बाहेर फेकायला लागला. पोरी किंचाळत रस्त्यावर. मी धीर करून कागद उचलले, तर प्रत्येकावर माझाच बायोडाटा! आदल्या दिवशी प्रिंटर बंद असताना ‘का निघंना, का निघंना’ म्हणत मी तेहतीस वेळा कमांड दिली होती.

तेव्हा पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, की या माणसानंच काहीतरी घोळ घातला असणार. वाटू द्या. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटत होतं. नंतर मात्र... बघा तुम्हीच.

गेल्या वर्षीची, दिवाळीनंतरची गोष्ट. क्लास बंद पडला होता, कारण आता सगळ्यांना सगळं मोबाईलवर येतं. अशात एका वाचनालयाचं काम मिळालं. मुदखेड तालुक्यातलं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण वाचनालयाचे अध्यक्ष फेसबुकवर असतात आणि त्यांना राग लवकर येतो. नांदेडहून सकाळच्या पॅसेंजरनं मुदखेड, तिथून जीप. पहाटे त्याच जीपनं गावातली फुलं बाजाराला गेलेली असायची, त्यामुळे जाताना मांडीवर फुलांच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसायचं. पहिले आठ दिवस बायकोनं माझ्या शर्टाच्या वासावरून बरेच प्रश्न विचारले, पण तो वेगळा विषय आहे.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन पत्र्याच्या खोल्या. पुस्तकं साधारण तीन हजार दोनशे. पुस्तकांची दाखल नोंदवही वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे सगळी भिस्त कार्डांवर. सागवानी पेटी, तिला चोवीस कप्पे, कप्प्यांत कार्डं. एका कार्डावर एका पुस्तकाची माहिती – दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय. ती सगळी कॉम्प्युटरमध्ये भरायची, एवढंच माझं काम. सोपं वाटलं ना? मलाही वाटलं.

अडचण अशी, की त्या कार्डांवर एका माणसाचं अक्षर नव्हतंच. वाचनालय काढलं ते गावातल्या एका रिटायर्ड गुरुजींनी. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा एक नियम होता – नवं पुस्तक जो पहिल्यांदा वाचून परत आणेल, त्यानंच त्याचं कार्ड लिहायचं. आणि कार्डावर पुस्तकाचं नाव येईल, लिहिणाऱ्याचं नाही. संध्याकाळी ते त्याच खोलीत बायकांचा वर्ग घ्यायचे. रोजानं शेतात जाणाऱ्या, चाळिशी-पन्नाशीच्या बायका. अक्षरओळख झाली की त्यांची परीक्षा एकच – एक पुस्तक पूर्ण वाचायचं आणि त्याचं कार्ड लिहायचं.

ऐकायला छान आहे. टाईप करायला बसा मग कळेल. एका कार्डावर विषयाच्या जागी ‘शेवट पटला नाही’ असं लिहिलेलं. दुसऱ्यावर लेखकाच्या जागी ‘पान फाटलंय, पण माणूस चांगला असावा’. मी आपला बडबडत, कपाळ बडवत टाईप करायचो.

माझी बडबड ऐकायला समोर एकच माणूस – ग्रंथपाल वनमालाबाई. पंचावन्नच्या आसपास वय, जाड चष्मा, बावीस वर्षं त्याच खुर्चीत. सकाळी दहाला मी आलो की ‘जयभीम सर’ म्हणायच्या, आणि झाडू हातात घेण्याआधी पेटीतला कोणताही एक कप्पा ओढून एक कार्ड काढायच्या. मिनिटभर बघायच्या. परत ठेवायच्या. मला वाटलं, भविष्य वगैरे बघत असतील. काही लोक पेपरात बघतात, या कार्डात बघतात.

हे अध्यक्ष – त्यांना सगळे नाना म्हणतात – अधूनमधून डोकावायचे.

“काय सर, कुठवर आली गाडी?”

“हजाराच्या जवळ आलो, नाना.”

“जरा दमानं पण लवकर करा. तपासणीला साहेब येणार हायेत. त्याच्या आत कार्डं रद्दीत गेली पायजेत अन् ही पेटी आमच्या घरी. सूनबाईनं बघून ठिवलीय. चोवीस कप्पे, म्हणते, मसाल्याला झ्याक.”

त्या दिवशी वनमालाबाईंनी दोन वेळा तीच फरशी पुसली, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

आता मूळ गोष्ट.

माझी पद्धत अशी – संध्याकाळी निघताना उद्याची शंभर कार्डं टेबलावर गठ्ठा करून ठेवायची, वर दगड. सकाळी दगड बाजूला, काम सुरू. झालेली कार्डं परत कप्प्यात. एका सकाळी पहिलंच कार्ड उचललं – दाखल क्रमांक ८१७, घरगुती कोंबडीपालन. नंबर टाकला, तर कॉम्प्युटर म्हणतो, ‘हा दाखल क्रमांक आधीच नोंदवलेला आहे.’ बघितलं तर खरंच, तीन आठवड्यांपूर्वी मीच नोंदवलेला. ‘वा रे पठ्ठे’ असं स्वतःला म्हणून कार्ड कप्प्यात ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी दगड उचलला. ८१७, घरगुती कोंबडीपालन.

मी दिवसाचे चहा सहावरून चारवर आणायचं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा! मग मात्र माझी खात्री पटली, की यावेळी घोळ माझा नाही. आयुष्यात पहिल्यांदाच घोळ दुसऱ्याचा आहे, या आनंदात मी जरा वाहवत गेलो.

“बाई, गंमत पुरे झाली हं आता,” मी हसत म्हणालो.

“कसली गंमत?”

“हेच. रोज सकाळी एक कार्ड काढता ना तुम्ही? तेच माझ्या गठ्ठ्यावर ठेवून राहिलात. कोंबडीपालन!”

वनमालाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. “सर, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का? ती कार्डं मी गमतीला काढते व्हय? तुमाला म्हाईत तरी हाय का त्यात काय हाय?”

आणि मग त्यांनी सांगितलं. खाली बघत, कपाटावर नसलेली धूळ पुसत.

त्यांची आई – धुरपताबाई – गुरुजींच्या त्या वर्गात होती. वनमालाबाई तेव्हा लग्न होऊन निलंग्याकडे, सासरी. पन्नाशीत आई अक्षरं शिकली, आणि पुढं दोन वर्षांत गेली. मातीला आल्या तेव्हा गुरुजी त्यांना म्हणाले, ‘तुझ्या आईनं एक कार्ड लिहिलंय बरं का. पेटीत आहे.’ कोणतं, ते विचारायचं भान त्या दिवशी नव्हतं. नंतर विचारलं तर गुरुजी हसून म्हणाले, ‘सगळी वाच, सापडेल.’ मग गुरुजीही गेले. धुरपताबाईंच्या हातचं दुसरं काही लिखाण जगात नाही. सही करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही, आली तेव्हा अंगठा चालला.

“म्हणून रोज एक कार्ड काढते,” बाई म्हणाल्या. “त्या दिवसापुरतं ते आईचं, असं समजते. माझा भाऊ हसतो. म्हणतो, आईला काय वाचाय येत व्हतं? गुरुजीनं हात धरून गिरवून घेतलं आसंल, तुझ्या समाधानासाठी बोलले ते. सर, मला कार्ड घरी न्यायचं न्हाई. मला फकस्त एवढं कळू द्या, की ती खरंच वाचत व्हती का. आता कार्डंच रद्दीत चालली. मंग कुठं शोधू?”

मी आजवर बऱ्याच लोकांना बऱ्याच वेळा सॉरी म्हटलेलं आहे, मला त्याचा सराव आहे. पण त्या दिवशी सॉरीऐवजी मी भिंतीचा झाडू उचलला आणि खोली झाडायला लागलो.

जरा वेळानं मी विचारलं, “हे कोंबडीपालन तर नसेल त्यांचं?”

बाई एकदम फिस्सकन हसल्या. “छ्या! आई कोंबड्याचं कशाला वाचंल? तिनं काहीतरी मोठं वाचलं आसंल. बावीस वर्षांत मी ह्ये कार्ड कधी आईचं म्हणून काढलं बी न्हाई.”

तरी माझ्या डोक्यातून जाईना. त्या संध्याकाळी मी कार्ड ८१६ आणि ८१८ च्या मधे ठेवलं, कप्पा बंद केला, पेटीला कुलूप लावलं, किल्ली घेऊन नांदेडला गेलो. पेटीला दुसरी किल्ली नाही. सकाळी आम्ही दोघांनी मिळून खोलीचं दार उघडलं. गठ्ठ्यावर दगड. दगडाखाली ८१७. पेटीचं कुलूप जसंच्या तसं. उघडून बघितलं, तर ८१६ नंतर थेट ८१८.

अंधार नाही, कुत्री रडत नाहीत, काही नाही. सकाळचे दहा वाजलेले, पत्र्यावर ऊन, बाहेर ग्रामपंचायतीत कुणीतरी नळाच्या पाण्यावरून भांडतंय – आणि आम्ही दोघं एका कार्डाकडे बघत उभे.

“सर,” बाई हळूच म्हणाल्या, “तुमी रात्री झोपेत चालता का?”

“चाललो तरी मुदखेडपर्यंत नाही चालणार, बाई.”

दुसऱ्या दिवशी लातूरला माझ्या भाच्याचा साखरपुडा होता, मला निघायचं होतं. मी बाईंना सांगून कार्ड बरोबरच घेतलं. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून लॅपटॉपच्या बॅगेत. म्हटलं, आता ये बघू टेबलावर!

लातूरला पाचच्या चहाला मी ते कार्ड सगळ्यांना दाखवलं. आक्का, दाजी, भाचा, शेजारचे एक काका – चार साक्षीदार, लिहून ठेवा. आक्का म्हणाली, “क्लास बंद पडला म्हणून आता कोंबड्या पाळणारेस का रे?” दाजींना हसू आवरेना, त्यात त्यांच्या कपातला चहा सांडला आणि कार्डाच्या उजव्या कोपऱ्यावर बोराएवढा डाग पडला. दुसऱ्याची वस्तू म्हणून मी दाजींवर चिडलोसुद्धा. मग रुमालानं टिपून, सगळ्यांच्या देखत कार्ड फोल्डरमध्ये, फोल्डर बॅगेत, बॅग आक्काच्या कपाटात.

सकाळी साडेदहाला मी पेढ्यांचे डबे घेऊन हॉलच्या पायऱ्या चढत होतो. फोन वाजला.

“जयभीम सर. तुमी कार्ड नेतो म्हणला व्हता ना?”

“नेलंय की.”

“मंग ह्ये इथं काय हाय?”

मी पायरीवरच बसलो. “बाई, व्हिडिओ कॉल करा.”

त्यांना व्हिडिओ कॉल करता येत नव्हता. पाच मिनिटं मला त्यांचा कान दिसला, मग पत्रा, मग पंखा. आणि मग कार्ड. ८१७. उजव्या कोपऱ्यावर बोराएवढा चहाचा डाग.

दाजींचा डाग. लातूरचा चहा. मधे दीडशेच्या आसपास किलोमीटर.

आक्काच्या घरी पळत गेलो. कपाट, बॅग, फोल्डर. फोल्डर रिकामं. आक्का म्हणाली, “तूच कुठंतरी ठेवलं असशील,” आणि तिचं चूक नव्हतं, माझा इतिहासच तसा आहे. तिनं शोधायला माणसं लावली. साखरपुड्याच्या दिवशी नवरीकडचे सात-आठ लोक अख्ख्या घरात कोंबडीपालनाचं कार्ड शोधत होते. नवरीच्या मामांनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “पाव्हणं, धंदा मोठा हाय का तुमचा?”

मी परत फोन लावला. “बाई, एक सांगा. पुस्तक जो पहिल्यांदा वाचेल तो कार्ड लिहिणार, असा नियम होता ना? मग हे कोंबडीपालन पहिल्यांदा कोणी वाचलं, ते सांगणारं कुणी आहे का?”

बाई म्हणाल्या, “आईच्या वर्गातली एकच बाई राहिलीय. गयाबाई. लेकाकडं असती, लोह्याला. तिला काय आठवत आसंल, म्हणून मी कधी इचारलंच न्हाई.”

लोहा म्हणजे माझ्या परतीच्या रस्त्यावरच. अंगठ्या घालून झाल्या तसा मी जेवणाच्या पंगतीला दांडी मारली – माझ्यासाठी हीच खरी भुताटकी – आणि एसटीत बसलो. वनमालाबाई नांदेडवरून आल्या. लोह्याच्या स्टँडवर भेटलो. पर्समध्ये ते कार्ड, आणि शहाणपणानं त्याच्या मागची-पुढची पंधरा-वीस कार्डंही त्यांनी आणली होती.

गयाबाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढं वय, अंग वाळून काटकी झालेलं. वनमालाबाई आत सुनेशी बोलत होत्या, तेवढ्यात मी पुढं झालो. नमस्कार केला, आणि घाईघाईनं कार्ड त्यांच्यासमोर धरलं.

“आजी, हे अक्षर कोणाचं, जरा बघून सांगता का?”

आतून सुनेचा आवाज आला, “अहो, त्यांला दिसत न्हाई! दोन्ही डोळे गेलेत!”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी कार्ड मागं ओढायला लागलो, पण म्हातारीनं चाहूल लागून ते आधीच धरलं होतं. तिनं ते पालथं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा, सावकाश. तेव्हा मला दिसलं, की त्या कार्डावर पेन इतकं दाबून लिहिलेलं होतं, की मागच्या बाजूला अक्षरं वर आली होती. मी ते कार्ड पाच-सहा वेळा हाताळलं होतं. मला कधी लागलं नव्हतं.

“धुरपता हाय ही,” गयाबाई म्हणाल्या.

वनमालाबाई दारात तशाच थांबल्या. हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

“कशावरून, आजी?” मी विचारलं. मी वाईट माणूस नाही, पण आशा लावून नंतर ती खोटी निघाली तर त्याचं काय, हा विचार होता.

“कशावरून म्हंजी? पेन का खुरपं, ह्येच कळत नव्हतं तिला. आमी एका सतरंजीवर बसायचो, एकच पाटी मधी. गुरुजी म्हणायचे, धुरपताबाई, कागद हाय तो, जमीन न्हाई. हाव... लई दाबायची.”

मी बाईंकडून बाकीची कार्डं घेतली, ते कार्ड त्यांत घातलं, पत्त्यांसारखी पिसली, आणि सगळी म्हातारीच्या ओटीत ठेवली. गयाबाई एकेक पालथं करून अंगठा फिरवत गेल्या. “ही शाळंतल्या पोराची, हातात जोरच न्हाई. ही बी पोराची... ही ठकूबाई, ठकूबाई मधीच थांबायची, बघ, हितं ठिपका हाय. ही म्हाईत न्हाई...” अकरावं कार्ड हातात घेतलं आणि अंगठा ठेवताच थांबल्या. “सारखी सारखी का देऊन राहिलास रे तू? सांगितलं ना, धुरपता हाय म्हणून.”

८१७.

वनमालाबाई खाली बसल्या, बाजेच्या खुराला टेकून. “मावशी,” त्या म्हणाल्या, “तिला खरंच वाचाय येत व्हतं का, का गुरुजीनं लिहून घेतलं?”

“वाचाय?” म्हातारी चिडलीच. “अगं, आमाला पाठ झालं तिच्या पायी! रोज भाकर खाल्ली की शेताच्या धुऱ्यावर बसायची अन् एक पान वाचायची. मोठ्यानं. मोठ्यानं वाचल्याबिगर तिला कळतच नव्हतं. एका पानाला एवढा येळ! मुकादम वरडायचा. ‘पिल्लाला पयले दिवस ऊब पायजे... पाणी उथळ भांड्यात ठिवावं...’ बघ, अजून म्हाईत हाय मला. हुरड्याला सुरू केलं, ते संपायला आंबे आले. म्या म्हणलं, धुरपते, गोष्टीचं काही वाच की, राजाराणीचं. म्हणली, न्हाई. वनीचं बाळंतपण हाय, तिला अंडी पायजेत. इकत कुठवर आणू? शिकून घेते.”

वनमालाबाईंनी हातातला तांब्या आता कुठं खाली ठेवला.

मग बोलल्या, पण आमच्याशी नाही, “मी बाळंतपणाला आले तर अंगणात कोंबड्या. तांबड्या. मी म्हणलं, ह्या कधी आणल्या? तर म्हणली, आणल्या. रोज सकाळी एक उकडलेलं अंडं. सव्वा महिना.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मी पुस्तकातली अंडी खाल्ली की ओ सर.”

आणि हसायला लागल्या. चष्मा काढून, पदर डोळ्यांना लावून, हसतच होत्या. मीही हसलो. का रडलो. नक्की सांगता येत नाही, माझे घोळ तुम्हाला माहीत आहेत.

स्टँडवर एसटीची वाट बघताना त्यांनी भावाला फोन लावला. “दादा, आई वाचत व्हती. सापडलं.” पलीकडून काहीतरी प्रश्न आला. “कोंबड्याचं,” बाई म्हणाल्या. मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, “त्याच्या ध्यानात हाय. एका कोंबडीला थंडी लागली म्हणून आईनं तिला टोपलीत घालून चुलीजवळ ठिवलं व्हतं. त्यो चिडवायचा तिला. आता म्हणतो, तिनं वाचून केलं आसंल का गं ते?”

तीन-चार दिवसांनी नाना ट्रॅक्टरची ट्रॉली आणि दोन गडी घेऊन आले. पेटी न्यायला.

वनमालाबाई पेटीसमोर उभ्या राहिल्या. “नाना, पेटी हलणार न्हाई.”

“का? काय झालं?”

बाईंनी सगळं सांगितलं. मी मधेमधे साक्षीदार म्हणून मान हलवत होतो, पण नाना माझ्याकडे बघतच नव्हते. ते पेटीकडे बघत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी गड्यांना बाहेर जायला सांगितलं. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

“त्या म्हातारीला,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “बाकीच्या बी वळखू येत्यात का? वर्गात बसलेल्या?”

“येतात बऱ्याच,” मी म्हणालो. “का हो?”

“आमची आई बी जायची म्हणं. आबाला ठाऊक नव्हतं. मागच्या दारानं जायची... ती कामावरच्या बायांच्या सोबत बसती म्हणल्यावर आबानं आकांडतांडव केलं आसतं. गिरजाबाई नाव.”

ट्रॉली रिकामी परत गेली. सूनबाईंसाठी नांदेडहून मसाल्याचे डबे आणायचं काम माझ्याकडे आलं. तपासणीचे साहेब आले, कॉम्प्युटर बघितला, पेटीही बघितली, दोन्ही ठेवा म्हणाले.

पुढच्या आठवड्यापासून नानांचीच गाडी गयाबाईंना लोह्याहून आणायला लागली, आठवड्यातून एकदा. म्हातारी मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. मी सॉफ्टवेअरमध्ये एक नवा रकाना तयार केला – ‘कार्ड कोणी लिहिलं’. म्हणजे माझं जवळजवळ संपलेलं काम पहिल्या कार्डापासून परत सुरू झालं. पहिली नोंद मात्र मी केली नाही. वनमालाबाईंनी केली. एका बोटानं, एकेक अक्षर शोधून, जरा जास्तच जोरात दाबून. धुरपताबाई. पडद्यावर ‘नोंद जतन झाली’ असं आलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “आता ह्ये जाणार न्हाई ना सर? तुमच्या हातून बी न्हाई?” मी तीन ठिकाणी बॅकअप घेतला आहे.

आणि त्या लोह्याच्या दिवसापासून ८१७ नंबरचं कार्ड जागचं हललेलं नाही. ८१६ च्या मागं, ८१८ च्या पुढं गप्प पडून असतं.

मी माझ्याकडून सगळं करून बघितलं. कुलूप तपासलं, पत्रे तपासले. दाजींना शपथ घालून विचारलं. मित्र म्हणतात, एकसारखी दोन कार्डं असतील. मग डाग? तोही एकसारखा? आक्का अजून म्हणते, की मीच कसंतरी ते केलं असणार. मला तसं निघालं तर खरंच बरं वाटेल, सवयीचं वाटेल. पण नाही. यात मी कुठंच सापडत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर कळवा.

गिरजाबाईंचं कार्ड अजून मिळालेलं नाही. गयाबाईंच्या हाताखालून निम्मी पेटी जायची आहे, त्यामुळे आशा आहे. नाना रोज दहाला येतात, ‘काही निघालं का’ विचारतात, चहा पाजतात. काल जाता जाता दारात थांबले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले,

“सर, एक इचारू का? दोन-चार कार्डं पिशवीत घालून तुमी परत लातूरला का जात न्हाई? भाच्याचं लग्न कधी हाय?”